पापुद्रा क्रमांक सत्तेचाळीस

आई ओहोटीला निघते तेव्हा अजून तारे असतात.
रबरी बूट, गुडघ्याला बांधलेली जुन्या स्वेटरची बाही.
लुगा म्हणजे तांबडं, जाड, जिभेसारखं शेवाळ.
ती ते खडकापासून असं सोडवते
जसं झोपलेल्या बाळाच्या मुठीतून आपलं बोट.

त्यातलं अर्धं पोतं मी केयोनच्या प्रयोगशाळेत नेते.
बाकीचं ट्रकमधून जातं.
"आइस्क्रीममध्ये घालतात म्हणे," आई सांगते आणि हसते.
या बेटावर आइस्क्रीम खायला
वर्षातले नऊ दिवस मिळतात.

धुवायचं, उकळायचं, गाळायचं, काचेवर ओतायचं.
सकाळी कडेला नख लावून
श्वास रोखून सोलायचं.
बारावा पापुद्रा काचेलाच धरून बसला.
एकोणिसावा सुटला, पण घडी घालताना
पापडासारखा मोडला.
ग्लिसरीन वाढवलं, तर सव्विसावा इतका मऊ
की घामेजल्या तळव्यासारखा हाताला लागे.
तेहतिसाव्याला समुद्राचा वास.
त्यात गुंडाळलेलं चीज चाखून
दोन एलेउतेरियो बराच वेळ गप्प राहिले,
मग म्हणाले, "गाय पोहून आली वाटतं."

खरी अडचण पाण्याची.
जन्म पाण्यातला, त्यानं पाण्याला
नाही म्हणायचं कसं?
मेण घातलं, थोडं, शेजारच्या पोळ्यांचं.
बुरशीसाठी मुर्ताच्या पानांचा काढा.
सत्तेचाळिसावा एकवीस दिवस टिकला.
चीज गोरंपान. एलेउतेरियोंनी दुसरी फोड मागितली,
यापेक्षा मोठं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही.

सान्तियागोहून पाहुण्या आल्या. पापुद्रा उजेडाला धरला,
ताणला, चुरगळला, परत सरळ केला.
"सहा महिने जाईल का?"
चीजच महिनाभर जातं, मी म्हटलं.
"चीजचं कोण विचारतंय?
गोदामाचं बोलतोय आपण."
मी वहीत लिहिलं: १८०.
पेन्सिलीनं लिहिलं.

मग आईच्या बटाट्याच्या वाफ्यात
सहा तुकडे पुरले,
प्रत्येकावर लाल लोकरीची गाठ, खूण म्हणून.
साठाव्या दिवशी खणलं.
लोकर मिळाली, सहाही गाठी जशाच्या तशा,
कशालाच न बांधलेल्या.
गांडुळं, ओली काळी माती, एक विसरलेला बटाटा.
मला उड्या माराव्याशा वाटल्या.
आई मात्र आणखी खणत राहिली.
"अजून काही वाजतंय खाली," म्हणाली.

बिस्किटाचं पाकीट.
निळं. त्यावरची मुलगी अजून हसत होती.
मातीत अंगठा फिरवून आईनं कडेवरचे आकडे
मोठ्यानं वाचले: मार्च एक्क्याण्णव पर्यंत वापरावे.
मी तेव्हा चार वर्षांची.
असली बिस्किटं इथं मिळत नसत,
बाबा पुंता आरेनासहून आणत,
मेंढ्यांची कातरणी संपली की.
पुढच्या कातरणीला गेले
ते तिकडेच राहिले.
हे आम्ही दोघी जाणून होतो, म्हणून बोललो नाही.

आईनं पाकीट बादलीत खळबळून धुतलं.
"याला काय सांगितलं होतं गं?"
आत पाणी जाऊ द्यायचं नाही, एवढंच.
"मग ऐकलं की यानं," ती म्हणाली,
आणि लुगा वाळत घालतात त्या तारेवर
चिमट्यानं ते टांगलं.

मी वही उघडली. अवशेषांच्या रकान्यात
शून्य लिहिलं, सहा वेळा.
एकशेऐंशी खोडलं, मग पुन्हा लिहिलं,
पाहुण्यांना उत्तर तर द्यायचंच होतं.
तारेवर ते रात्रभर वाजत होतं.
पहाटे पाच दहाची ओहोटी.
आई बूट चढवत म्हणाली,
"तुझ्या त्या चीजवाल्याला सांग,
वेळेत खावं माणसानं."